ग्राहक आयोगात जायचंय? आधी हे वाचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी मी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात टेबल टाकून बसतो. येणारा माणूस बहुतेक वेळा चिडलेला असतो, हातात पिशवी असते आणि पिशवीत बिल सोडून बाकी सगळं असतं. तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले आहेत की उत्तरं एकदाची लिहून काढावी म्हटलं. मी वकील नाही. कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे, अडतं ते कागदावर. म्हणून खाली कागदांचा विषय पुन्हा पुन्हा येईल, वैतागू नका.

ग्राहक मंच आणि ग्राहक आयोग वेगळे आहेत का?

नाही. १९८६ च्या कायद्यात जिल्हा पातळीवर ‘मंच’ होता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि मंचाचा आयोग झाला. रिक्षावाल्याला मात्र अजूनही ‘ग्राहक मंच’च सांगा, आयोग म्हटलं तर तो भलतीकडेच नेईल.

माझं छोटं दुकान आहे. दुकानासाठी घेतलेली वस्तू खराब निघाली तर मी ग्राहक ठरतो का?

पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू आणि सेवाही वगळल्या आहेत. पण कायद्यात एक महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. घरी बसून ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंचं शिलाई मशीन, स्वतः चालवणाऱ्याची रिक्षा, गिरणीवाल्याची चक्की हे सगळं चालतं. दहा मशिनं आणि आठ कारागीर असतील तर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार. तक्रारीतच ‘ही वस्तू उपजीविकेसाठी घेतली असून मी स्वतः चालवतो’ हे वाक्य लिहा. ते नसल्यामुळे चांगली तक्रार अडकलेली मी पाहिली आहे.

बिल हरवलंय. आता काही होणार नाही ना?

होऊ शकतं. माझंच सांगतो. घरचा गिझर दीड वर्षात गळायला लागला. टाकीवर पाच वर्षांची वॉरंटी होती. फाइलमधून बिल काढलं तर हातात गुळगुळीत पांढरा कागद. थर्मल प्रिंटरचं बिल होतं, सगळी अक्षरं उडालेली. उरली होती ती फक्त दुकानातल्या पोराने कोपऱ्यात बॉलपेनने केलेली सही. काउंटरवरचा माणूस कागद उजेडाकडे धरून म्हणाला, “काका, हे तर कोरं आहे.” लोकांना बिल जपायला सांगणारा मी! शेवटी दोन कागदांनी काम केलं: बँकेच्या स्टेटमेंटमधली एक ओळ, आणि गिझर बसवायला आलेल्या मेकॅनिकने दिलेला जॉबशीट, ज्यावर सिरियल नंबर होता.

तेव्हा बिल नसेल तर यूपीआयचा मेसेज, कार्डाचं स्टेटमेंट, दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं, वॉरंटी कार्डावरचा शिक्का असं जे असेल ते गोळा करा. आणि बिल हातात पडलं की दुकानाच्या पायरीवरच फोटो काढा. दुकानदार बिल द्यायलाच तयार नसेल, तर तीही कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. ‘पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल’ हे वाक्य ऐकून गप्प बसणारे आपणच असतो. दीडशे रुपये वाचवतो आणि पुढची सगळी भांडणं हरून बसतो.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी आहे. मग?

पाटी दुकानदाराची, कायदा संसदेचा. वस्तू सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. इथे ‘सदोष’ हा शब्द नीट वाचा. साडीचा रंग घरी गेल्यावर सासूबाईंना आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथे दुकानदाराने बदलून दिली तर तो त्याचा चांगुलपणा.

थंड पाण्याच्या बाटलीवर, दुधाच्या पिशवीवर दोन-तीन रुपये ‘कूलिंग’चे घेतात. द्यायचे का?

नाही. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि दुकानाला त्यावर एक रुपयाही चढवता येत नाही. फ्रिजचं वीजबिल हा त्याच्या धंद्याचा खर्च. याची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे करायची, म्हणजे आपल्याकडे अजूनही ‘वजनमापवाले’ म्हणतात ते. काट्यात मारलेलं माप, पाकिटावर नसलेली तारीख, खाडाखोड करून चिकटवलेली वाढीव किंमत, हे सगळं त्यांचंच काम.

बसून खायच्या हॉटेलात मात्र वेगळं आहे. तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवाही देतात, म्हणून हॉटेल-रेस्टॉरंटना बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीहून जास्त आकारता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. मला हा निकाल पटत नाही, पण तो आहे.

जाता जाता: घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. आणणाऱ्याला वजन करून दाखव म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे.

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय.

काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. टिप ही तुमची खुशी. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यावर वाद घालू नका.

ऑनलाइन मागवलेलं चुकीचं आलं, कस्टमर केअर नुसतं ‘क्षमस्व’ म्हणतंय.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. चॅटमधल्या गोड बोलणाऱ्या यंत्राशी दोन आठवडे झटण्यापेक्षा साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लपवलेलं ते पान शोधा आणि सरळ त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण बऱ्याच अ‍ॅपमध्ये चॅट नंतर गायब होतात.

खोकं उघडताना व्हिडिओ काढायची कायद्याने सक्ती नाही. तरी महागडी वस्तू असेल तर काढा. पट्टी कापण्याआधी पत्त्याचा कागद दिसू दे, आणि मध्ये कट नको.

आणखी एक. तुम्ही न मागता टोपलीत शिरलेला विमा किंवा देणगी, ‘फक्त २ शिल्लक’ची खोटी घाई, सदस्यत्व बंद करायचं बटण सापडूच नये अशी मांडणी, अशा १३ युक्त्यांवर नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. अशी एखादी दिसली की पैसे भरण्याआधीच्या स्क्रीनचा फोटो हाच तुमचा पुरावा.

बियाणं उगवलंच नाही. शेतकरी ग्राहक असतो का?

असतो. हा प्रश्न जूनच्या अखेरीपासून फोनवर सुरू होतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता, तेव्हा तर आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. बियाणे कंपन्या एकच मुद्दा घेऊन येत: शेती हा धंदा, म्हणून शेतकरी ग्राहक नाही, आणि प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. पेरणीसाठी बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, आणि सगळं बियाणं जमिनीत घातलेल्या माणसाने तपासणीसाठी ते मागे ठेवायला हवं होतं, अशी अपेक्षाच करता येत नाही.

तरीही हातात काही असलेलं बरं. पिशवी फोडताना टॅग आणि त्याची शिलाई शाबूत राहील अशी दुसऱ्या बाजूने फोडा. टॅग, लॉट नंबर, रिकामी पिशवी, पक्कं बिल आणि मूठभर बियाणं एका डब्यात घालून माळ्यावर ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि कोंब मोजा. सोयाबीनला किमान ७० यायला हवेत. कमी आले तर पेरूच नका, पिशव्या घेऊन दुकानात जा.

पेरलं आणि उगवलं नाही, तर त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तालुका समिती येऊन पंचनामा करते. पंचनाम्यात ‘उगवण कमी’ एवढंच लिहिलं असेल तर सही करण्याआधी थांबवा. किती क्षेत्र, पेरणीची तारीख, किती टक्के उगवण, कोणता लॉट आणि शेजारच्या शेतात काय स्थिती आहे, हे सगळं त्यात आलं पाहिजे. शेजारच्याचं त्याच पावसात, वेगळ्या लॉटचं उगवलंय ही एक ओळ तुमचं अर्धं काम करते, कारण कंपनीचं ठरलेलं उत्तर ‘पाऊस कमी पडला’ हेच असतं. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आणि दुबार पेरणीसाठी थांबून राहू नका; फोटो काढा, पंचनामा उरका आणि पेरा. त्या दुसऱ्या पेरणीचा खर्चही तक्रारीत मागता येतो.

डॉक्टर आणि वकील यांच्याविरुद्ध तक्रार करता येते का?

डॉक्टरांविरुद्ध येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ते स्पष्ट केलं. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात अशी रुग्णालयं मात्र यात येत नाहीत. पण उपचाराला यश आलं नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं होत नाही, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत नसेल तर प्रकरण सहसा टिकत नाही. आधी केसपेपर मागा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भांडण सुरू होण्याआधी मागितलेले कागद आणि नंतर मागितलेले कागद यांत फरक पडतो, एवढंच सांगतो.

वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. हे ऐकून टेबलापलीकडचा माणूस हमखास हसतो.

खासगी क्लासने फी परत दिली नाही.

शाळा-कॉलेजांच्या शिक्षणाबाबत आयोगांची दारं बरीचशी बंद झाली आहेत. कोचिंग क्लासेसना मात्र राष्ट्रीय आयोगाने कायद्याच्या कक्षेत ठेवलं आहे. मधेच सोडताना तारखेसह लेखी कळवा. नुसतं जायचं बंद केलंत तर ‘जागा अडवून ठेवली होती’ असं उत्तर येतं.

सोन्याची शुद्धता कमी निघाली तर?

दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. भिंगातून बघायला मागा, सराफ नाही म्हणत नाहीत. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती येते. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळायला हवा, असं बीआयएसच्या नियमांत आहे. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

बिल्डरने ताबा दिला नाही. महारेरा की ग्राहक आयोग?

महारेरा म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. दोन्ही रस्ते खुले आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसा निर्वाळा दिला. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावायचं नाही. नुसतं उशिराचं व्याज किंवा पैसे परत हवे असतील तर मी महारेरा सुचवतो. मानसिक त्रास, गळकी भिंत, न दिलेलं पार्किंग असं सगळं गाठोडं असेल तर आयोग. एक व्यवहारी अडचण लक्षात ठेवा. फ्लॅटची किंमत ५० लाखांच्या वर गेली की जिल्हा आयोग सुटला, आणि २ कोटींच्या वर गेली की थेट दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. मुंबई-पुण्यात ते सहज होतं.

वीजबिल, बँक, विमा यांच्या तक्रारी कुठे?

यांच्यासाठी वेगळ्या फुकट वाटा आहेत, आधी त्या चोखाळा. विजेसाठी वीज कंपनीचा अंतर्गत कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. वीजचोरीच्या आरोपाचं प्रकरण असेल तर ग्राहक आयोग ते घेत नाही. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर मात्र वाट बघू नका: त्याच मिनिटाला बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. विम्यासाठी विमा लोकपाल आहे, मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. कंपनीने दावा नाकारल्यापासून एका वर्षात जायचं. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर पुढे आयोग आहेच.

तक्रारीआधी नोटीस पाठवावीच लागते का?

कायदा तसं म्हणत नाही. पण मी कुणालाही नोटिशीशिवाय आयोगात पाठवत नाही. निम्मी भांडणं त्या एका पानावर मिटतात. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही, ‘तुम्हाला कोर्टात खेचीन’ची तर अजिबात नाही. असं लिहा:

“दि. __ रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. __ अन्वये __ कंपनीचा फ्रिज रु. __ ला घेतला. दि. __ पासून तो थंड होत नाही. दि. __, __ व __ अशा तीन वेळा मेकॅनिक येऊन गेला, दोष कायम आहे. जॉबशीटच्या प्रती सोबत आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत फ्रिज बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी लागेल व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.”

तारखा, रक्कम, मागणी, मुदत. बस. मागच्या मॅनेजरने कसं उर्मट उत्तर दिलं हे लिहायचा मोह आवरा. एक प्रत दुकानदाराला, एक कंपनीला, पोच मिळेल अशा पोस्टाने, आणि जोडीला ईमेल. पोचेचा कागद मूळ फाइलमध्ये.

१९१५ ला फोन करून काही होतं का?

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बरंच होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि पाठपुरावा करते, फुकट. पण ती आदेश देऊ शकत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार तिला भीक घालत नाही.

कोणत्या आयोगात, आणि फी किती?

तुम्ही मोजलेली किंमत बघायची, मागितलेली भरपाई नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा, ५० लाख ते २ कोटी राज्य, त्यावर राष्ट्रीय. म्हणजे विम्याचा दावा मोठा असला तरी भरलेला हप्ता लहान असेल तर जिल्हाच. ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००.

नव्या कायद्याची सगळ्यात मोठी सोय अशी की तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. लातूरच्या माणसाने बंगळुरूच्या कंपनीसाठी बंगळुरूला खेटे घालायचे दिवस गेले. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

वकील लागतोच का?

नाही. स्वतः उभं राहता येतं, किंवा लेखी अधिकारपत्र देऊन मुलाला, शेजाऱ्याला पाठवता येतं. मराठीत तक्रार चालते. तक्रार, शपथपत्र, कागदांची यादी, प्रती. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, जितके तितके संच जास्त. वैद्यकीय किंवा बिल्डरचं प्रकरण असेल तर मात्र वकील घ्या, तिथे हट्ट नको.

मुदत किती?

वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘आज करतो, उद्या करतो’ म्हणत दुकानदार हेच दोन वर्षं काढत असतो. उशीर झालाच तर माफीचा अर्ज कारणासह द्यावा लागतो.

निकाल किती दिवसांत?

कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चला. सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांपलीकडे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय. तारखा मोजत राहा आणि ४६ व्या दिवशी ‘आता जबाब घेऊ नये’ असा अर्ज द्या, तोंडी नाही, लेखी.

भरपाई किती मागू?

वस्तूची किंमत, त्यावर व्याज, केलेला खर्च आणि त्रासाबद्दल एक पटण्यासारखी रक्कम. आठ हजारांच्या मिक्सरसाठी पाच लाख मागणारा माणूस आयोगापुढे स्वतःचंच वजन घालवतो.

आदेश झाला, पण समोरचा पैसेच देत नाही.

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, फुकट मिळते. जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपिलाची मुदत ४५ दिवस. सामनेवाला अपिलात गेला तर त्याला आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात दोन अर्ज करता येतात: कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त, आणि कलम ७२ खाली शिक्षेसाठी अर्ज. दुसऱ्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समन्स पोचलं की चेक सहसा पुढच्या तारखेच्या आधी येतो. तो वटेपर्यंत दरखास्त मागे घेऊ नका.